माझ्या अंगावर राहिलेलं नाव

मी एक जुना फळा आहे. पण मित्रांनो, शाळेतला नव्हे. माझ्यावर कोणी पाढे लिहिले नाहीत. नंदाखाल गावाच्या पलीकडे, केळीच्या वाड्यांत एक लहानसं आरोग्य केंद्र आहे. त्याच्या ओटीवर माझं सगळं आयुष्य गेलं. माझं लाकूड मात्र पाचूबंदरच्या किनाऱ्यावरचं. मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळ्या नरहरी सुतारांनी आणल्या, रंधा मारला, काळा रंग दिला आणि मला भिंतीवर चढवलं. जन्मभर खारं पाणी प्यालेल्या लाकडाला त्यांनी गोड्या पाण्याची राखण सांगितली.

काम सोपं होतं. दर महिन्याला गावातल्या विहिरींचं पाणी तपासायला तालुक्याला जाई. निकाल आला की परिचारिका विनिता सिस्टर तो खडूनं माझ्यावर लिहीत. पहिल्या महिन्यात त्यांनी कागदावर होतं तसंच उतरवलं: 'गट क्रमांक १४२, पिण्यास अयोग्य.' लोक येत, बघत आणि निघून जात. रस्त्यापलीकडच्या वाडीतल्या पुतळाबाई तेवढ्या थांबल्या.

"बाय, ह्यो एकशे बेचाळीस कोन गो?"

"आजी, ती क्रुसाजवळची विहीर."

"मग तसं लिव की! आमी काय विहिरीला नंबरानं हाक मारतो?"

सिस्टर हसल्या, पण त्याच दिवशी त्यांनी मला पुसून नव्यानं लिहिलं. क्रुसाजवळची विहीर, चिंचेखालची विहीर, देवळामागची विहीर. तेव्हापासून कळशी घेऊन निघालेली प्रत्येक बाई आधी माझ्याकडे बघे आणि मग पाण्याला जाई. एका वर्षी शेजारच्या गावांत काविळीची साथ आली. आमच्या गावात एकही माणूस आजारी पडला नाही. तालुक्याचे साहेब माझा फोटो काढून गेले. मी फुगलो, खोटं कशाला बोलू? लाकूड पावसाळ्यात फुगतंच, पण मी भर उन्हाळ्यात फुगलो होतो.

पुढे संगणकावर माहिती भरायला मितेश आला. दोन मुलांचा बाप, कामाला वाघ, पण साहेबांच्या पत्राला फार घाबरायचा. एकदा पत्र आलं: 'लाभार्थ्यांची यादी दर्शनी भागात लावावी.' सगळ्या कार्यालयांना गेलेलं ते पत्र घरकुलांबद्दल होतं. मितेशनं वरची ओळ वाचलीच नाही. आपल्या केंद्राचे लाभार्थी कोण? औषध घेणारे रुग्ण. सिस्टर रजेवर होत्या. साहेब पाहणीला येणार म्हणून त्यानं खडूसुद्धा वापरला नाही. पेंटर बोलावला आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं माझ्यावर झोकदार अक्षरांत क्षयरोगाच्या रुग्णांची यादी रंगवून घेतली. तिसरं नाव होतं, 'नॅन्सी, क्रुसाजवळ.'

नॅन्सी गावातल्या मुलींचे लग्नाचे पांढरे गाऊन शिवायची. तिचा आजार तिच्या आईला आणि सिस्टरना, एवढ्या दोघींनाच ठाऊक होता. तीन महिन्यांच्या गोळ्या झाल्या होत्या, खोकला थांबला होता, अंगावर मांस धरू लागलं होतं. यादी लागली आणि आठवड्याभरात मापं दिलेले दोन गाऊन लोक कापडासकट परत घेऊन गेले.

सिस्टर रजेवरून आल्या आणि ओटीवर पाय ठेवताच त्यांनी यादी वाचली. "अरे मितेश, ही नावं कशाला रंगवलीस?"

"मॅडम, पत्रातच होतं ना."

त्यांनी ओल्या फडक्यानं घासलं, मग रॉकेलनं घासलं. रंग फिका झाला, गेला नाही. मला तेव्हा वाटलं, पुन्हा होडी व्हावं आणि बुडून जावं.

नॅन्सी शेवटची आली तेव्हा तिनं पदरानं तोंड झाकलं होतं. "सिस्टर, आता मी नाय येणार. गोळ्या नकोत मला." सिस्टर तिच्या घरी गेल्या, दार उघडलं नाही.

मग तक्रार झाली. चौकशीत सिस्टरना जबाबदार धरून त्यांची बदली झाली आणि हुकूम आला, 'फळ्यावर यापुढे कोणतीही माहिती लिहू नये.' कोणतीही! मितेशनं मला काढून कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवलं. माणसांची नावं लावायची चूक झाली म्हणून विहिरींची नावंही पुसली.

त्या पावसाळ्यात पाण्याचा निकाल आला. मितेशनं तो वाचलेला मी ऐकला: "गट क्रमांक १४२, पिण्यास अयोग्य." मी ओरडलो असतो, पण लाकडाला आवाज कुठला? मितेशला तो नंबर कुठल्या विहिरीचा हे माहीत नव्हतं, आणि विचारायची भीती वाटत होती. त्यानं कागद फाइलला लावला.

क्रुसाजवळ पाच घरांत कावीळ झाली. चार घरची माणसं आजारातून उठली. नॅन्सी उठली नाही, ती गेली; गोळ्या सोडल्यापासून तिच्या अंगात ताकदच उरली नव्हती.

पुतळाबाई केंद्रात आल्या. "पानी बिघडल्यालं तुला ठावं व्हतं?"

"आजी, अहवाल आला होता. पण त्यात नंबर होता..."

"मग मला का नाय इचारलंस रे?"

मितेश रडला. मला त्याचा राग येतो आणि दयाही येते.

गावानं मागणी करून सिस्टरना परत आणलं. काळ्या रंगाचा डबा मितेशनंच आणला. दोन हात दिले, मला पुन्हा ओटीवर टांगलं. मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, कचेऱ्यांत बसाल, लोकांची माहिती तुमच्या हाती येईल. ती लावण्याआधी एवढंच विचारा, हे विहिरीचं आहे की माणसाचं? विहिरीचं असेल तर गावाला कळेल अशा शब्दांत लिहा. माणसाचं असेल तर त्याच्याजवळ राहू द्या. आणि एक चूक झाली म्हणून मला भिंतीकडे वळवू नका.

काल सिस्टरनी खडूनं लिहिलं, 'क्रुसाजवळची विहीर, पाणी पिऊ नका.' दुपारचं तिरपं ऊन पडलं की त्या अक्षरांखाली, रंगाच्या आतून उठून आलेलं नॅन्सीचं नाव अजून दिसतं.