सहावी माळ

आपण माळव्यातली दक्षिणी माणसं एका बाबतीत मोठी अभिमानी. घरचा कर्ता पुरुष चांगला रुंद झाला, अंगरख्याचे बंद जुळेनासे झाले, पायऱ्या चढताना गड्याचा हात लागू लागला, की आपण म्हणतो, "देवानं भरभरून दिलंय." आणि तोच माणूस एके दिवशी पायरीवर कोसळला की आपणच म्हणतो, "आयुष्य तेवढंच होतं." दोन्ही वेळा देवावर ढकलून आपण मोकळे. धारच्या भास्कररावांची हकीकत मी सांगतो ती एवढ्यासाठी, की या दोन वाक्यांच्या मधल्या काळात एखाद्या घरी तरी कुणी जागं व्हावं.

भास्करराव संस्थानात दफ्तरदार होते. शके अठराशे तीसच्या कार्तिकात त्यांना सत्तावन्नावं लागलं आणि त्या दिवसापासून त्यांचं अन्न गोड लागेनासं झालं. कारणही तसंच होतं. त्यांचे वडील सत्तावन्नाव्या वर्षी गेले. थोरले भाऊ नारायणराव सत्तावन्नाव्या वर्षीच, दोन वर्षांपूर्वी, कचेरीच्या पायऱ्या चढता चढता गेले. कचेरीला नऊ पायऱ्या होत्या. नारायणराव पाचवीवर बसले ते उठलेच नाहीत. भास्करराव तेव्हा त्यांच्या मागेच होते. भावाच्या छातीतला तो भात्यासारखा आवाज त्यांनी ऐकला होता, आणि हल्ली तसलाच आवाज त्यांना स्वतःच्या छातीतून ऐकू येई.

त्यातच देवळात एका पुराणिकबुवांनी सांगितलं, की जन्माला येताना माणसाला श्वास मोजून मिळतात. घटिकेला तीनशे साठ, दिवसाला एकवीस हजार सहाशे. मिळालेले संपले की खेळ आटोपला. बुवांचं म्हणणं एवढंच, की हे श्वास देवाच्या नावात घालवा. भास्कररावांनी घेतलं ते भलतंच. चाललं की धाप लागते, धाप लागली की श्वास जास्त जातात, तेव्हा चालायचंच नाही, असा त्यांनी निकाल केला. हुशार माणूस एकदा घाबरला म्हणजे किती वेडेपणा करू शकतो, हे पाहायचं असेल तर त्या वर्षी त्यांच्या घरी जायला हवं होतं. ते दारापासून कचेरीपर्यंत धमनीत, म्हणजे त्या छपराच्या बैलगाडीत, बसून जात. अंतर पाव कोसाचंही नव्हतं. आंघोळीचं पाणी खोलीत येई. हाक मारायला नको म्हणून उशाशी घंटा असे. आणि अंगात शक्ती राहावी म्हणून दोन्ही वेळा बाफले, म्हणजे ते कणकेचे उकडून भाजलेले गोळे, चुरमा, वर तूप.

तूप वाढायला त्यांच्या पत्नी उमाबाई. त्या फारशा बोलत नसत. तुपाची तामली हातात घेऊन पानाशी बसत आणि नवऱ्यानं हात आडवा केला तरी त्याच्या बोटांवरून धार सोडत. त्यांनाही भीती होती, पण कशाची ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मार्गशीर्षात एके सकाळी भास्करराव कचेरीच्या पाचव्या पायरीवर पोचले. डोळ्यांपुढं काळं आलं. 'आलं, आपलंही आलं,' एवढंच त्यांच्या मनात आलं आणि ते मटकन तिथेच बसले. शिपाई धावले. शेजारच्या खात्यातले बळवंतराव पाण्याचा तांब्या घेऊन आले. थोड्या वेळानं रंग परतला. घरी आल्या आल्या ते उमाबाईंना म्हणाले, "धरमपुरीला गाडी पाठव. अक्काला भेटून घेतो."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. वय चौसष्ट. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून लाल आलवण, एक वेळ जेवण आणि धरमपुरीच्या दिरांच्या घरचं काम. नर्मदेवरून पाणी आणायचं ते त्यांनीच. आठव्या दिवशी दुपारी गाडी दारात उभी राहिली. गाडीवान रघुजी उतरून म्हणाला, "सरकार, बाईसाब गाडीत बसल्याच नाहीत. पूरा घाट पैदल चढल्या. मीच मागं पडलो."

अक्का आत आल्या, पाय धुतले आणि भावाला न्याहाळत त्याच्या समोर बसल्या. त्यांना धापही लागली नव्हती.

"काय रे भास्कर, निरोप काय पाठवलास? भेटून घेतो म्हणे. कुठं निघालास?"

भास्कररावांनी थांबत थांबत सगळं सांगितलं. वडील, नारायणराव, पाचवी पायरी आणि मोजून मिळालेले श्वास. "त्यापुढं आयुष्य आपल्या घराण्यातच नाही, अक्का. सत्तावन्न म्हणजे सत्तावन्न."

"मी कुठल्या घराण्यातली?"

भास्कररावांनी उपरणं सारखं केलं.

"बरं, ते राहू दे," अक्का म्हणाल्या. "श्वास मोजलेले आहेत ना? मग मोजून बघू. लग्नातलं घटिकापात्र आहे का घरात?"

उमाबाईंनी ते शोधून आणलं. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं. घंगाळातल्या पाण्यावर सोडलं की हळूहळू भरतं आणि घटिका झाली की बुडतं. अक्कांनी आपली एकशे आठ मण्यांची तुळशीमाळ उमाबाईंच्या हातात दिली. "माझ्या पोटाकडे बघ आणि एका श्वासाला एक मणी ओढ." भांडं पाण्यावर सोडलं. अक्का भिंतीला टेकून बसल्या. भांडं बुडालं तेव्हा तीन माळा आणि वर तेवीस मणी झाले होते.

"आता हा."

भास्करराव लोडाला टेकले. पहिली माळ संपली. भांडं जेमतेम ओलं झालं होतं. दुसरी संपली. भास्कररावांचं लक्ष भांड्याकडे गेलं आणि त्यांनी श्वास रोखून धरला. थोडा वेळ साधलं. मग श्वासांचा असा काही भडका उडाला, की मणी ओढता ओढता उमाबाईंची बोटं चुकू लागली. तिसरी संपली, चौथी संपली. भांडं अजून तरंगतच होतं. पाचव्या माळेला उमाबाईंचे ओठ कोरडे पडले. सहावी माळ संपत आली तेव्हा कुठं भांडं डुबकन आत गेलं.

भास्करराव जन्मभर आकड्यांत वावरलेले. कुणी सांगायची गरज नव्हती. ते पांढरेफटक पडले. "अक्का, मी बसल्या जागी रोज दोन दिवस जगतोय."

"जगतोयस कसला, घालवतोयस. नुसतं ते अंग वागवायला तुला एवढे श्वास लागतात. कुणाला पाठीवर दोन मण घालून बसवलं आणि म्हटलं, हलू नको हं, दमशील, तर तो दमायचा राहील का? ओझं उतरवायला पाहिजे, भास्कर. आणि ते बसून उतरत नाही. उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर पायी चालायचं. जेवण साधं, भाकरी, भात आणि डाळ. तूप बंद."

"पायी?" भास्करराव दचकले. "अक्का, मी दफ्तरदार आहे. लोक म्हणतील मर्जी उतरली."

"नारायण धमनीतूनच जायचा ना? लोक काय म्हणाले? मोठ्या इतमामानं गेला म्हणाले."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं निघाली. पुढं अक्का, मागं भास्करराव आणि दहा पावलं सोडून, देवीच्या दर्शनाला निघाल्यासारख्या, उमाबाई. "बोलत चाल," अक्कांनी सांगितलं. "बोलता येईनासं झालं की थांब. त्यापुढं एक पाऊल नको." भास्कररावांना पहिल्या पिंपळाच्या पारापर्यंतच बोलता आलं. तिथं ते बसले ते आता हाच आपला शेवटचा पार, अशा समजुतीनं. कानात ठोके पडत होते. त्यांनी अक्कांचा हात घट्ट धरून ठेवला. भीती ओसरायला बराच वेळ लागला, पण ओसरली. परत आले. त्या दिवशी तरी मेले नाहीत.

चौथ्या दिवशी कचेरीत बळवंतराव खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "भास्करराव, खरं सांगा. काही झालंय का वर? बाजारात तर हीच चर्चा आहे भिया, की तुमची धमनी काढून घेतली."

ज्याची भीती होती तेच झालं. भास्कररावांना दिवसभर काम सुचलं नाही. मरणाची भीती एकीकडे आणि लोकांची एकीकडे; आणि वाचकहो, आपल्यातल्या बहुतेकांसारखीच त्यांनाही दुसरी जास्त जवळची वाटली. घरी येऊन त्यांनी रघुजीला बोलावलं. "उद्या सकाळी धमनी जोड. फिरणं बंद."

"नाही जोडायची."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बोलल्या त्या उमाबाई. गड्यामाणसांदेखत नवऱ्याचं बोलणं त्यांनी आजवर कधी तोडलं नव्हतं.

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. परवा मणी मी ओढले. सहा माळा या बोटांनी ओढल्या. तुम्हाला वाटतं तुम्ही एकटेच घाबरलाय? तुमचं एकदाच संपेल. मागं न्हावी माझ्यासाठी येईल! हे आलवण मला नेसायचं नाही. मला वन्संसारखं व्हायचं नाही!"

आपण काय बोललो ते ध्यानात आलं आणि त्यांनी तोंडावर पदर दाबला. समोर अक्का बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचं लाल आलवण सारखं केलं.

"बरोबर बोललीस उमे," त्या म्हणाल्या. "मलाही व्हायचं नव्हतं. कुणालाच होऊ नये. पण याच भीतीपायी तू त्याला तूप वाढत होतीस ना? अगं, तूच त्याला पायरीकडं ढकलत होतीस." मग भावाकडं वळल्या. "भास्कर, मला कधी कुणी तूप वाढलं नाही, कधी गाडी जोडली नाही, पाणी आणायला रोज घाट उतरवला. म्हणून मी चौसष्टाव्या वर्षी घाट चढून येते. हे सांगताना मला आनंद होत नाही. माझ्या वाट्याला आलं ते कुणाच्या येऊ नये. पण त्यातलं चालणं तेवढं तू घे."

भास्कररावांनी मान खाली घातली. कार्तिकापासून ते आपल्या मरणाचा विचार करत होते, आणि त्या मरणाची खरी झळ जिला लागायची तिचा एकदाही केला नव्हता. सख्खी बहीण बेचाळीस वर्षं हे भोगत होती, तेही कधी मनात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. रघुजीकडं न पाहताच ते म्हणाले, "धमनी राहू दे. बैल वैरणीला लाव. कडबा वाहतील."

सगळं एका रात्रीत सुधारलं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पौषात ते दोनदा लपून चुरमा खाताना सापडले. माघात गुडघा सुजला तेव्हा आठ दिवस घर डोक्यावर घेतलं. छातीत बारीकशी कळ आली तरी घाबरून उमाबाईंना हाक मारत. पण अक्का धारलाच राहिल्या आणि होळीपर्यंत पिंपळाचा पार मागं पडला. गुढीपाडव्याला देवीसागर तलावाचा काठ गाठला. पावसाळ्यानंतर गडकालिकेच्या पायऱ्या ते बोलत बोलत चढू लागले. शिंप्यानं त्यांचे अंगरखे दोनदा आत घेतले. बाजारात चर्चा आठ दिवस चालली आणि मग बाजाराला दुसरं काही मिळालं.

कार्तिक आला. अठ्ठावन्नावं लागलं त्या सकाळी भास्करराव पायी कचेरीत गेले. पाचव्या पायरीवर ते थांबले, पण दम लागला म्हणून नव्हे. त्यांनी नारायणरावांसाठी क्षणभर डोळे मिटले आणि उरलेल्या चार पायऱ्या चढून गेले. बळवंतराव खाली उभे होते. थोडं कचरत त्यांनी विचारलं, "उद्या सकाळी मी आलो तर चालेल का तुमच्याबरोबर?"

दुपारी घटिकापात्र पुन्हा पाण्यावर सोडलं. मणी उमाबाईंनीच ओढले. तीन माळा झाल्या, चौथी सुरू झाली आणि साठ-सत्तर मण्यांवर भांडं बुडालं. उमाबाईंनी माळ डोळ्यांना लावली आणि मोकळेपणी रडल्या.

त्या संध्याकाळी भास्करराव जेवायला बसले नाहीत. त्यांनी आपलं ताट उचललं आणि ओसरीवर जप करत बसलेल्या अक्कांपुढं नेऊन ठेवलं.

"हे काय रे? मी संध्याकाळी जेवत नाही."

"मी जेवायचो ते जास्त होतं, तू जेवतेस ते कमी आहे. आजपासून माझं संध्याकाळचं तू जेव."

"बेचाळीस वर्षं झाली, भास्कर. भूक आहे का म्हणून संध्याकाळी कुणी विचारलं नाही. आता सवय गेली."

"माझीही चालायची गेली होती. तूच लावलीस."

उमाबाई आतून तामली घेऊन आल्या आणि अक्कांच्या भातावर चमचाभर तूप वाढलं. अक्कांनी माळ बाजूला ठेवली, हात धुतला आणि जेवल्या.

बंधूंनो, श्वास मोजून मिळतात की नाही, ते मला ठाऊक नाही. मिळत असले तरी ते बसून साठत नाहीत, एवढं मात्र या घरानं मोजून पाहिलं आहे. पन्नाशी उलटली, आता कसलं चालणं, असं म्हणू नका. भास्कररावांनी सत्तावन्नाव्या वर्षी पहिलं पाऊल टाकलं. आणि ते टाकायला पाय भीतीनं अडले, तर आपल्या घरातल्या बाईकडं एकदा पाहा. तुमच्याहून जास्त भीती तिला आहे, आणि ती भीती तिच्यापुढं आपणच, आपल्या रूढींनी, वाढून ठेवली आहे. शरीराचं ओझं उतरवाल तेव्हा तेही उतरवा.