नीपला झोप नको होती

“बाबा, ही जात थंडीत झोपत नाही. याला झोपवलं तर हा मरेल.”

मॉर्वेन हे बोलली तेव्हा तिचा हात माझ्याच झाकणावर होता. मी सगळं ऐकलं आणि कानाआड केलं. मनात म्हटलं, ही कालची पोर, चार पुस्तकं वाचून आली आणि आता मला झोप म्हणजे काय ते सांगणार!

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. कासवाला हिवाळाभर निजवायची पेटी. आमच्या या मासेमारीच्या गावात ज्याच्या घरी कासव, त्याच्या घरी पेटी, हे ठरलेलंच. मला आलिकने बनवलं. तो होड्या बांधायचा. एका होडीच्या उरलेल्या फळ्या त्याने रंधून गुळगुळीत केल्या, तांब्याचे खिळे ठोकले आणि एकात एक अशा दोन पेट्या केल्या. आतल्या पेटीत पेंढा, आणि दोन पेट्यांमधल्या जागेत चुरगळलेली वर्तमानपत्रं. गारवा आत येऊ द्यायचा, पण गोठवणारी थंडी दाराबाहेर ठेवायची, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

माझ्या कुशीत पहिला निजला तो हेक्टर. दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातलं ते कासव आलिकच्या वडिलांपासून घरात होतं. पानगळ सुरू झाली की आलिक त्याचं खाणं बंद करी, पोट पुरतं रिकामं होऊ देई आणि मगच त्याला माझ्या स्वाधीन करी. हेक्टर पाय आत ओढून घ्यायचा, मान वळवायचा आणि गप्प व्हायचा. त्याचा श्वास इतका संथ, की दोन श्वासांच्या मध्ये बाहेर बर्फ पडून जाई. पण त्या श्वासाला ना घाई होती ना भीती. वसंत आला की आलिक झाकण उचलून म्हणायचा, “उठा साहेब, परसातल्या रुबार्बला पानं फुटली!” शेजारीपाजारी बघायला यायचे. “आलिक, पेटी म्हणावी तर ही,” असं म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग एका उन्हाळ्यात हेक्टर म्हातारपणाने गेला. माझ्यात बटाटे आले, बटाट्यांनंतर डांबराचे डबे, डब्यांनंतर चिंध्या. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोपीत मी पडून राहिले. कोणी झाकण उचललंच तर ते चिंधी घ्यायला.

नीप आला तो मॉर्वेनच्या लेकीसाठी, कर्स्टीसाठी. मॉर्वेन म्हणजे आलिकची सून. तिचा नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. महिनोन् महिने घरी नसतो. जाताना लेकीला करमावं म्हणून त्याने हे पिल्लू आणून दिलं. पिवळसर पाठीवर बिबट्यासारखे काळे ठिपके. सलगमाएवढंही नव्हतं, म्हणून कर्स्टीने त्याला आमच्याकडचं सलगमाचं नाव दिलं, नीप.

स्वयंपाकघरातल्या फळीवर त्याचा उथळ ट्रे होता आणि वर एक दिवा, सतत जळणारा. खोपीचं दार उघडं असलं की तो उजेड माझ्यापर्यंत यायचा. मॉर्वेन रोज सकाळी नीपला कोमट पाण्यात बसवायची. आधी पाण्यात कोपर बुडवून बघायची, लेकीला न्हाऊ घालताना बघायची तसंच. हिवाळ्यात त्याला कोवळी पानं मिळावीत म्हणून तिने खिडकीत कुंड्या मांडल्या होत्या. खायचं वजन करायच्या काट्यावर त्याला ठेवून ती आकड्याकडे टक लावून बघत राहायची.

“काय गं, आज केसभर कमी तर नाही ना भरला?” आलिक दारातून विचारायचा.

“हसा तुम्ही, बाबा. आणि ते दार लावून घ्या, वारा येतोय.”

“माझा हेक्टर कधी दिव्याखाली बसला नाही. सगळं आयुष्य ठणठणीत काढलं त्याने.”

“हेक्टरच्या मुलखात हिवाळा होता. नीपचा मुलूख उन्हाचा. तिकडे गवतात हत्ती हिंडतात.”

“आता इथे राहतोय ना? मग इथलं शिकेल. तू नाही शिकलीस? आलीस तेव्हा सुक्या माशाचा वास आला की खिडकीत जाऊन उभी राहायचीस!”

मॉर्वेन हसायची. पण कर्स्टी तान्ही असताना ती झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसायची, हे सगळ्या घराला ठाऊक होतं आणि सगळं घर तिला त्यावरून चिडवायचं. नवराही फोनवर विचारायचा, “आज कोणाकोणाचे श्वास मोजलेस?” हळूहळू तिने स्वतःला आवरायला सुरुवात केली. तोंडापर्यंत आलेला प्रश्न ती गिळायला शिकली.

नीपच्या पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर आलिकने मला बाहेर काढून पुसलं, नवा पेंढा भरला. तेव्हाच मॉर्वेनने मी सुरुवातीला सांगितली ती सूचना दिली, आणि आलिकइतकीच मीही ती उडवून लावली. मला पुन्हा कोणीतरी कुशीत हवं होतं, मित्रांनो. बटाट्यांना आई लागत नाही.

मग वादळ आलं. तारा तुटल्या, वीज गेली, दिवा विझला. कर्स्टीला खोकला झाला होता, अंगात ताप होता. मॉर्वेनने तिला शहरात आपल्या आईकडे न्यायचं ठरवलं. तिथे वीज होती. नीपलाही ती नेणार होती, पण आलिकने अडवलं.

“त्या गार गाडीतून नेऊन मारशील त्याला. माझ्या घरी ठेवतो, शेगडीशेजारी.”

“शेगडी विझू देऊ नका, बाबा. गरम पाण्याची पिशवी सारखी बदला. आणि काही झालं तरी पेटीत—”

“तू जन्मायच्या आधीपासून कासवं सांभाळतोय मी, पोरी. लेकराकडे बघ. जा.”

ती गेली. मागोमाग बर्फाने रस्ता बुजला.

आलिकने हयगय केली असं म्हणू नका. अंगणापलीकडच्या आपल्या छोट्या घरात त्याने शेगडी पेटती ठेवली. पण कोळसा तो कोळसा, दिवा तो दिवा. नीप मंदावला. पान तोंडाशी धरलं तरी तोंड उघडेना. त्याने पाय आत ओढले, डोळे मिटले. आलिकने त्याला तळहातावर घेतलं आणि त्याला अगदी तेच दिसलं, जे इतकी वर्षं हेक्टरमध्ये दिसत आलं होतं.

“झोप मागतोय बिचारा,” तो म्हणाला. “तोंडाने सांगता येत नाही म्हणून काय झालं?”

त्याने नीपला आणून माझ्या पेंढ्यात ठेवलं. किती हळुवारपणे ठेवलं! वरून आणखी पेंढा पसरला, झाकण लावलं. आणि मी सुखावले.

ते सुख फार टिकलं नाही. हेक्टर निजला की हलत नसे. नीप वळला. पुन्हा वळला. तो सारखा एकाच बाजूला जात होता, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे, जिकडे त्याचा दिवा असायचा. तिथे माझी फळी आडवी आली की तो नखांनी खरवडायचा. थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा खरवडायचा. त्याचं पोट भरलेलं होतं. थंडीने पचन थांबलं आणि पोटातलं अन्न कुजू लागलं. मला तो वास येत होता. त्याच्या श्वासात बारीक बुडबुड ऐकू येत होती.

सकाळी आलिक यायचा आणि झाकणाला कान लावायचा. उघडायचा नाही, निजलेल्याला वारं लागू द्यायचं नाही, हा त्याचा नियम. आतली खरवड ऐकून तो म्हणायचा, “पड रे बाळा. पहिल्या वर्षी सगळेच चुळबुळतात.”

मी जिवाचा आटापिटा केला. लाकडाला काय करता येतं? करकरता येतं. मी करकरले. आलिकने माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, “थंडीने फळ्या आकसल्यात.” एखादा खिळा सुटावा, एखादी भेग पडावी म्हणून मी तडफडले. पण त्याने मला होडीसारखं बांधलं होतं. आजवर ज्या बांधणीचं सगळ्यांनी कौतुक केलं, ती मी पहिल्यांदा शिव्या देत भोगली.

मोबाईलला रेंज फक्त आमच्या खोपीच्या दारात यायची. तिथेच मॉर्वेनचा फोन आला. आलिकने तो कानापासून लांब धरला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

“नीप कसा आहे, बाबा?”

“मजेत आहे. त्याची सगळी सोय लावलीय मी.”

“म्हणजे नक्की कशी—”

“आता फोनमधून त्याचा श्वास मोजतेस का? पोरीचा ताप सांग आधी.”

 पलीकडे ती ओशाळं हसली. “उतरतोय ताप,” म्हणाली. विचार ना गं, मी माझ्या फळ्याफळ्यांतून म्हणत होते, एकदाच विचार, चिडवू देत त्यांना. तिने विचारलं नाही.

खरवड थांबली. सकाळी आलिकने कान लावला आणि समाधानाने मान हलवली.

“लागली एकदाची झोप.”

त्यानंतर वीज आली. मॉर्वेनने बटण चालूच ठेवलं होतं, त्यामुळे स्वयंपाकघरातला दिवा आपोआप पेटला. रिकाम्या ट्रेवर ऊन पडावं तसा उजेड पडला, आणि दाराच्या फटीतून त्याची एक पिवळी रेघ माझ्या अंगावर आली. एका भिंतीपलीकडे नीपचा सगळा प्राण तेवत होता. आलिकने तो बघितला आणि म्हणाला, “आता कशाला झोपमोड करायची.”

रस्ता मोकळा झाल्याबरोबर मॉर्वेन आली. कर्स्टीला कडेवरून उतरवायच्या आधीच तिची नजर ट्रेवर गेली. दिवा चालू, खाली कोणी नाही. ती काही विचारत बसली नाही. थेट खोपीत आली आणि माझं झाकण उचललं.

नीपचे पाय सैल लोंबत होते. नाकपुडीवर फेसाचा एक बुडबुडा होता.

“अगं, उठवू नकोस, गाढ झोपलाय—” आलिक धावत आला.

“हा झोपलेला नाही, बाबा.”

तिने स्वेटर वर करून नीपला उघड्या पोटाशी धरलं. आलिक टोपी हातात चुरगळत उभा राहिला. “मी त्याला सुखात ठेवलं होतं गं. पेंढा सगळा नवा घातला होता.”

“आता काही बोलू नका.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आलिक अंगण ओलांडून आपल्या घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

जनावरांच्या डॉक्टरने इंजेक्शनं दिली आणि घरी पाठवताना सांगितलं, खाल्लं तर वाचेल. तेव्हापासून मॉर्वेन दिव्यापाशी बसून आहे, खिडकीकडे पाठ करून. त्याला कोमट पाण्यात बसवते, ओठांशी पान धरते, वाट बघते. एकदा ती अंगण ओलांडून गेली होती. “बाबा, येताय का जेवायला?” आतून आवाज आला, “झोपलोय. तू बघ त्याच्याकडे.” ती परत फिरली. नंतर तिने कर्स्टीच्या हाती माशाच्या रश्शाचा वाडगा पाठवला. कर्स्टीने तो पायरीवर ठेवला आणि पळत आली, कारण तिला नीपजवळ बसायचं होतं.

आज दुपारी स्वयंपाकघरातून कर्स्टीची किंकाळी आली. “खाल्लं! आई, खाल्लं! कडा कुरतडली बघ!” मॉर्वेन रडत होती, हसत होती. दोघी त्या दिव्याखाली एकमेकींना बिलगून बसल्या आहेत.

पण खोपीच्या बाहेरच्या दाराच्या फटीतून मला पलीकडचं घर दिसतं. पायरीवरचा वाडगा तसाच आहे, त्याच्यावर बर्फाची साय धरली आहे. धुराड्यातून धूर नाही. पडदा हललेला नाही. शांत झोपलंय म्हणून सोडून दिलेल्या जिवाचं काय होतं, ते मी आतून अनुभवलं आहे.

मित्रांनो, मला पाय नाहीत, वाचा नाही. तुमच्यापैकी जो कोणी जवळपास असेल त्याने कृपा करून अंगण ओलांडावं. थाप मारा. आतून “झोपलोय” असं उत्तर आलं तरी मागे फिरू नका. उत्तर आलंच नाही, तर दाराला आतून कडी नसते, ढकला. आलिक खुर्चीत असेल किंवा अंथरुणात. लांबून बघू नका, त्याचा हात हातात घ्या, गार लागतो का बघा. आणि बाकी सगळं नंतर. आधी त्याच्या कानाशी जाऊन एवढंच सांगा, की नीपने पान खाल्लं.