आभाराचं पान

प्रत्येक ऑफिसात एक तरी माणूस असा असतोच, ज्याचं मत कुणाला विचारावं लागत नाही. ते आपोआप टेबलावर येऊन पडतं. एका सॉफ्टवेअर कंपनीत तो मान उघडेबुवाचा होता. हे अर्थातच टोपणनाव. वाद कुठल्याही टूलवरचा असो, त्याचं पालुपद एकच, "सगळं उघडं हवं!" त्याने स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहून कोडसकट लोकांना फुकट दिला होता. काम खरोखर उत्तम होतं, हे त्याच्याशी भांडणारेही मान्य करत.

त्या सकाळी चहाच्या मशीनपाशी गाडी क्रिप्टोवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनावर आली. कुणीतरी म्हणालं, एरवी त्यातला प्रत्येक व्यवहार साऱ्या जगाला दिसतो, पण व्यवहार कुणालाच दिसू नयेत अशीही नाणी असतात म्हणे.

"कशाला हवीत?" उघडेबुवा उसळला. "ज्याला काही लपवायचंय तोच खासगीपणाच्या गप्पा मारतो!"

"मग तुझ्या मोबाईलला कुलूप का रे?" टेस्टिंगच्या काकूंनी विचारलं. सगळे हसले. तोही हसला आणि मोबाईल खिशात सरकवला.

तेवढ्यात त्याच्या ताईचा फोन आला. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडून ती वेगळी राहत होती. कुठे, ते फक्त या भावाला ठाऊक.

"तो माझ्या नेहमीच्या बेकरीसमोर उभा होता रे!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी मागच्या दाराने निसटले. तू कुणाला बोललास का?"

"शपथ, ताई! एका शब्दाने नाही!"

फोन ठेवला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काकूंनी त्याला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेकरीत ती पैसे कसे देते?"

"क्रिप्टोने. भाषांतराच्या कामाचे पैसे तिला त्यातच मिळतात."

काकूंनी त्याच्या प्रोग्रामचं आभाराचं पान उघडलं. पैशाची मदत करणाऱ्यांची नावं छापायची, ही असे फुकट प्रोग्राम देणाऱ्यांत पद्धतच आहे. याने मोठ्या कौतुकाने प्रत्येक नावाला मदत ज्या खात्यातून आली ते खातंही जोडलं होतं. पहिलंच नाव ताईचं! क्लिक करताच तिचे सगळे व्यवहार समोर आले.

"ही बघ बेकरी. दर शुक्रवारी सकाळी. आज शुक्रवारच. बेकरीने गिऱ्हाइकांसाठी आपलं खातं जाहीर केलेलंच आहे. माझा चहासुद्धा अजून गरम आहे बघ. त्या माणसाला कितीसा वेळ लागला असेल?"

"पण काकू, मी तर चांगल्यासाठीच..."

"प्रोग्राम आत काय करतो हे वापरणाऱ्याला कळायलाच हवं, तो त्याचा हक्क आहे. पण तुझी बहीण पाव कुठून घेते, हे जगाला कळायचा हक्क कुणी दिला? प्रोग्राम उघडा ठेव बाबा. माणसं उघडी पाडू नकोस!"

त्याने ते पान तिथल्या तिथे काढून टाकलं. पण जुने व्यवहार कसे पुसणार? ते कुणालाच पुसता येत नाहीत, हेच तर तो आजवर अभिमानाने सांगत आला होता!

संध्याकाळी तो ताईकडे गेला. ती बॅग भरत होती. त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं. तिने हातातल्या कुर्त्याची घडी घालून तो बॅगेत ठेवला.

"तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण एकदा विचारायचंस तरी! आता नव्या घराचा पत्ता तुलाही सांगणार नाही. राग नको मानूस."

"नको सांगूस, ताई," तो रडत म्हणाला. "मलासुद्धा नको."

खाली टॅक्सी उभी होती. त्याने बॅगा ठेवल्या. ताई ड्रायव्हरला काही सांगणार, तोच तो पाठ फिरवून भराभर चालू लागला, कुठे जायचंय ते आपल्या कानावर पडू नये म्हणून.

मंडळी, चोरच लपतो असं नाही. जिवाच्या भीतीने साधी माणसंही लपतात. आपल्याला लपवण्यासारखं काही नाही, हे आपलं नशीब. त्या नशिबाचा नियम करून दुसऱ्यावर लादू नका. कुणाचं काहीही चव्हाट्यावर मांडण्याआधी त्याला एकदा विचारा!