वरची काच

उकंडाने चक्की विकली तेव्हा मारेगावात लोकांनी आधी दुखणं विचारलं. धडधाकट माणूस तीस वर्षांची चालती पिठाची चक्की विकतो, म्हणजे दुखणं मोठंच असणार. दुखणं नाही, त्याला दुर्बीण करायची आहे, असं त्याच्या बायकोने, पंचफुलाने, सांगितलं. त्यावर लोक तिचीच कीव करू लागले.

तशी चक्कीची रया गेलीच होती. जिकडेतिकडे कापूस, ज्वारी पेरतो कोण? त्यात वीज रोज संध्याकाळी नेमाने जायची. त्याच अंधारात चक्कीच्या ओट्यावर बसून उकंडा वर बघायला शिकला. पुढे यवतमाळच्या एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं की दुर्बिणीचा आरसा घरी घासून करता येतो, आणि दोन जाड गोल काचा व घासायची पूड दिली. कापसाला कंटाळलेला, गावातल्या सदाशिवरावांचा मुलगा अमर चक्की घ्यायला टपलेलाच होता. दिवाळीनंतर उकंडाने किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या.

पंचफुलाने अट घातली. बुद्धपौर्णिमेपर्यंत काही दिसलं नाही, तर अमरच्या हाताखाली त्याच चक्कीवर रोजाने जायचं. उकंडा इतक्या झटकन हो म्हणाला की तिला उलट रागच आला.

मग अंगणात ड्रम मांडला गेला. ड्रमवर एक काच, तिच्यावर पूड आणि पाणी, वर दुसरी काच, आणि हा गृहस्थ ती घासत ड्रमभोवती फिरतोय. सकाळ नाही, दुपार नाही, खरखर खरखर. चार महिने झाले आणि काच होती तशीच.

मास्तर एकदा चहाला आले होते. आता आणखी कुठलं यंत्र घ्यावं लागतं की काय, या धास्तीने पंचफुलाने विचारलं होतं, आरसा खोलगट करतात कशाने? यंत्र कशाला, मास्तर म्हणाले, घासता घासता वरची काच आपोआप खोल होते आणि खालची फुगते. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती ते विसरूनही गेली.

फाल्गुनात एका दुपारी उकंडाने काचेवर लोखंडी पट्टी उभी धरली. पट्टीखालून उजेडाची फट दिसली. त्याने च्च केलं, वरची काच खाली ठेवली, खालची वर घेतली आणि पुन्हा घासायला लागला. चक्कीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने टाकी लावल्यावर तो असंच करायचा. पट्टी धरायची, खालीवर दिसलं की घालवायचं, नाहीतर पीठ जाडंभरडं येतं. हे कितीदा केलं, असं तिने विचारलं.

"दर आठ दिवसाले. आधी सपाट झाल्याबिगर खोल कसं करता येईन?"

पंचफुलाला मास्तरांचं बोलणं आठवलं आणि सगळं लख्ख कळलं. आरसा होत होता आणि हा त्याला बुजवत होता. आपण नुसतं गप्प राहायचं. पौर्णिमा येईल, नवरा चक्कीवर जाईल, चार पैसे घरात येतील, गावाची तोंडं बंद होतील. ती आत जाऊन कणीक मळायला बसली. दारातून तो दिसत होता. पाय सुजलेले, धोतर पुडीने माखलेलं, आणि चेहरा असा निवांत की चक्कीवरच्या तीस वर्षांत तिने तो एकदाही पाहिला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली. कणकेच्या हातांनीच ती बाहेर आली.

"अवो, फट पडू द्या. तेच तर पायजे आपल्याले. वरची काच वरच राहू द्या."

त्याने पट्टी बाजूला ठेवली आणि काचेकडे बघितलं. मग तिच्याकडे. "तीस वर्षं हाताले दुसरं ठाऊकच नाही न," एवढंच म्हणाला.

वैशाखातल्या शुद्ध अष्टमीला, पौर्णिमेच्या आठवडाभर आधी, दुर्बिणीची नळी अंगणात उभी राहिली. आरशाला कलई चढायची होती, पण चंद्रापुरतं तसंही भागतं, असं मास्तरांचं मत. वीज आपल्या वेळेला गेली. उकंडाने पहिला मान तिला दिला.

थोडा मोठा चंद्र दिसेल, एवढीच तिची अपेक्षा होती. तिला डोंगर दिसले. खड्डे दिसले, खड्ड्यांच्या पोटात खड्डे दिसले, आणि एकेका डोंगराची लांब काळी सावली. ऊन असल्याशिवाय सावली पडत नाही. म्हणजे तिकडे आत्ता सकाळ होती. तेवढ्यात चंद्र हळूहळू काठाकडे गेला आणि निसटला.

"सरकून राह्यला न तो. धरा त्याले."

"तो नाही सरकत," उकंडा म्हणाला. "आपण फिरून राह्यलो, पंचफुला. हे अंगण, मारेगाव, सारंच."

ती खाली बसली आणि तिने दोन्ही हात जमिनीवर टेकले. एवढं सगळं फिरत होतं आणि दोरीवरचं लुगडं हलत नव्हतं.

"मले कोणी सांगतलंच नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा डोळा लावायला उठली.