पार्किंगपुरता रसिक

माझा थोरला भाऊ एल्रॉय याने वीस वर्षं एक व्रत पाळलं. ड्रम आणि बिगुलांच्या पथकांची स्पर्धा दर जुलैत आमच्या गावी होते, आणि दर जुलैत हा यायचा, पण तिकीट काढायचा नाही. स्टेडियमच्या मागे पार्किंगमध्ये पथकं आत जाण्याआधी हात आणि ओठ तापवून घेतात. तिथे हा छातीवर हाताची घडी घालून उभा राहायचा, साइड ड्रमवाल्यांच्या इतक्या जवळ की टिपरू उडालं तर ह्याच्या नाकावर बसावं. पथक आत गेलं की हा आपल्या पिकअपमध्ये जाऊन रेडिओवर बेसबॉल लावायचा. मी आत, तो बाहेर. घरी जाताना मी काय पाहिलं ते सांगू लागले की म्हणायचा, "मी ऐकलं तेवढं पुरे आहे."

कारण काय, तर मैदानात वीज आली. पूर्वी फक्त पितळ आणि चामडं होतं. मग नियम बदलले, मायक्रोफोन आले, स्पीकर आले, पुढे सिंथेसायझर आला, आणि एल्रॉय रुसला.

"फ्रिजची घरघर ऐकायला मी पैसे का मोजू?" तो म्हणायचा. "माझ्या घरी फ्रिज आहे."

आणि हे कोण बोलणार, तर ज्याने कागदाच्या मिलमध्ये जन्मभर वायरमनची नोकरी केली तो. मी त्याला म्हणायचे, विजेवर पोट भरलंस, आता तिच्याच नावाने बोटं मोडतोस. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "संडासही रोज लागतो, व्हर्ना. म्हणून तो कुणी स्टेजवर नेत नाही."

आम्ही दोघंही एकेकाळी सेंट हेडविग चर्चच्या पथकात होतो. माजी सैनिकांच्या क्लबने गणवेश दिले होते, फादर सरावाला खुर्ची टाकून बसायचे. एल्रॉय बिगूल वाजवायचा, मी निशाण धरायचे. तेव्हाचे परीक्षक कागद घेऊन थेट आमच्या रांगांमधून फिरत, आणि पाय चुकला, सूर चिरकला, की तिथल्या तिथे गुण कापत. सुरू होण्याआधी एक जण पांढरा हातमोजा घालून पट्ट्याच्या बक्कलवरून बोट फिरवायचा. बोट काळं झालं तर गेलाच गुण. एकदा एल्रॉयच्या नाकावर मधमाशी बसली आणि तो पापणीसुद्धा न हलवता उभा राहिला. नाक बटाट्याएवढं झालं, पण गुण गेला नाही. ही गोष्ट आमच्या घरात लग्नांपासून दफनविधींपर्यंत सगळीकडे सांगितली जाते.

त्या दिवसांचा मलाही अभिमान आहे. खोटं कशाला बोलू, आजही साठ बिगूल एकदम माझ्याकडे वळले की मी नकळत ताठ बसते. पण मी आंधळी नाही. आम्ही ताठ चालायचो आणि त्यालाच पराक्रम म्हणायचो. आताची मुलं मागे पळत पळत वाजवतात, वाजवता वाजवता वाकतात, लोळतात, आणि सूर तसूभर हलत नाही. उन्हाळाभर बसमध्ये झोपतात, शाळांच्या फरशीवर झोपतात, दिवसभर उन्हात तीच आठ पावलं घोटतात. आमच्या पथकाला यांच्यासमोर उभं केलं असतं, तर आम्ही निशाण गुंडाळून घरी गेलो असतो. एल्रॉयलाही हे कळत होतं. पार्किंगमध्ये त्याचा चेहरा पाहिला असता तर तुम्हालाही कळलं असतं.

मग त्याची नात मॅरेन 'नॉर्दर्न लँटर्न्स' पथकात निवडली गेली. एल्रॉयने गावभर कॉफी पाजली. आठवड्याने कळलं की ती सिंथेसायझर वाजवणार. कॉफी बंद झाली. त्यानंतर कुणी विचारलं की नात काय वाजवते, तर हा गृहस्थ खुशाल सांगायचा, "मरिंबा." मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य, काठ्यांनी वाजवतात, वायर लागत नाही. चार उन्हाळे त्याने ही थाप चालवली. मॅरेनला ते माहीत होतं. तिने त्याला कधी चारचौघांत खोटं पाडलं नाही, आणि मला वाटतं तेच त्याला जास्त टोचत असावं.

या पथकांत एकविसाव्या वर्षानंतर कुणालाही राहता येत नाही. कितीही चांगला असो, उन्हाळा संपला की गणवेश परत. मॅरेन या वर्षी एकवीसची झाली. जूनमध्ये ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती, एल्रॉय बटाट्याचं सॅलड खात होता.

"आजोबा, एकदाच आत या," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग तुम्हाला घरघर वाटली तर घरघर म्हणा."

"मी पार्किंगमध्ये असतो की. दर वेळी."

"पार्किंगमध्ये मी नसते, आजोबा. तिथे ड्रमवाले असतात."

त्याने काट्याने बटाटा इकडून तिकडे केला. मी म्हटलं, "तिकीट मी काढते. तुझं व्रत मोडणार नाही, कारण तू काढलेलं नसेल."

"येतो," तो म्हणाला. तेवढंच, आणि तेही ताटाकडे बघून.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही बुडाखालच्या उशा घेऊन, ब्राटवर्स्ट सॉसेज खाऊन जागेवर बसलो. दोन पथकं झाली. एल्रॉय कॅनडाच्या पंतप्रधानासारखा गंभीर बसला होता. मॅरेनचं पथक मैदानाच्या दारात आलं आणि पश्चिमेकडून वीज कडाडली, मग गारा. मैदानावरचा कार्यक्रम रद्द झाला.

पण आमच्याकडे पाऊस आला म्हणून कुणी घरी जात नाही. अशा वेळी पथकं शाळेच्या व्यायामशाळेत येतात, अर्धवर्तुळात उभी राहतात आणि नुसतं वाजवतात. चालणं नाही, नाच नाही. आम्ही म्हातारे याला 'उभं वादन' म्हणतो आणि मनातल्या मनात पावसाचे आभार मानतो, कारण बंद खोलीतला तो आवाज हाडांत जातो.

लाकडी पायऱ्यांवर आम्ही दाटीने बसलो. आयोजकांनी सांगितलं, प्रत्येक पथकाला थोडाच वेळ आहे, वायरी जोडत बसता येणार नाही. विजेची वाद्यं बाहेरच राहतील.

एल्रॉयने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "वीस वर्षं प्रार्थना केली मी," तो म्हणाला. "आज पोचली."

बाहेर राहणाऱ्या वाद्यांत कुणाचं वाद्य आहे, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

लँटर्न्स आत आले, भिजलेले, केसांतून पाणी गळतंय. पुढच्या रांगेत मरिंबा लागल्या. आणि त्या रांगेच्या टोकाला मॅरेन येऊन उभी राहिली. तिच्यासमोर काहीच नव्हतं. तिने हात मागे बांधले, हनुवटी वर केली आणि समोरच्या भिंतीकडे नजर लावली.

पहिला सूर आला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी सांगते, आयुष्यात इतकं सुंदर फार थोड्या वेळा ऐकलंय. माणसं रडत होती. एल्रॉयने मागायचं ते सगळं त्याच्यासमोर होतं, पितळ आणि चामडं, दुसरं काही नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बिगुलांकडे बघतच नव्हता. तो टोकाच्या त्या पोरीकडे बघत होता. तिची बोटं पाठीमागे हलत होती. आम्ही बाजूला बसलो होतो म्हणून दिसलं. ती आपले सूर हवेत वाजवत होती, एकही न चुकवता.

"तिला काहीतरी द्या कुणीतरी," एल्रॉय पुटपुटला. "झांज द्या. काहीही द्या."

"गप्प बस, वाजतंय," मी म्हटलं.

आमच्या जगात एक नियम बायबलएवढा मोठा आहे. पथक वाजवत असताना जागेवरून उठायचं नाही. दारावरचे स्वयंसेवक मधे कुणालाही सोडत नाहीत, आणि एल्रॉयने तर, पूर्वी स्वतः दारावर असताना, एका बिशपला पॉपकॉर्न घेऊन जिन्यात उभं करून ठेवलं होतं. तो एल्रॉय उठला. वादन चालू असताना, लोकांच्या गुडघ्यांवरून, टोप्यांवरून, "माफ करा" म्हणत खाली उतरला. "बस खाली, बुवा," कुणीतरी ओरडलं. मी त्याच्यामागे गेले, कारण त्याचे गुडघे मला ठाऊक होते.

दारात पथकाची संचालिका उभी होती, इलाना नावाची तरुण बाई. एल्रॉयने तिला गाठलं.

"ते विजेचं कुठंय?"

"आजोबा, चालू असताना..."

"माझी नात आहे ती, टोकाची. मरिंबावाली नव्हे. विजेचं वाजवते ती." एवढं बोलायला त्याला चार वर्षं लागली होती. "कुठंय ते?"

इलानाने बोट दाखवलं. बाहेर व्हरांड्यात, ताडपत्रीखाली गाडा होता. त्यावर सिंथेसायझर आणि एक स्पीकर. "पण आमची वायर मैदानातच राहिली," ती म्हणाली. "आणि आमची वेळ संपतेय."

"संपली तर लोक अजून एक मागतील. मागायला लावतो," एल्रॉय म्हणाला, आणि धावला. अठ्ठ्याहत्तरचा माणूस गारांतून पिकअपकडे. परत आला तो खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन, नखशिखांत भिजलेला. एव्हाना आत वादन संपलं होतं आणि लोक पाय आपटत होते. मागायला लावायची गरजच पडली नाही. "आणखी एक, आणखी एक." आयोजकाने कपाळावर हात मारला आणि मान डोलावली.

आम्ही गाडा आत ढकलला. मॅरेनला सावधान उभं राहायचं होतं, मान वळवायची सोय नव्हती. गाडा तिच्यासमोर येऊन थांबला तेव्हा तिने खाली पाहिलं, मग एल्रॉयकडे, आणि मग पुन्हा भिंतीकडे. पण मागे बांधलेले हात तिने सोडले.

सॉकेट पायऱ्यांच्या खाली होतं, सापळ्यासारख्या लोखंडी पट्ट्यांच्या आत. एल्रॉय रांगत गेला. मी वाकून बघत होते. त्याने प्लग लावला, गाड्यावरचा दिवा लागला आणि विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला.

"सैल आहे," तो आतून म्हणाला. "शाळेची वायरिंग कुणी केली रे ही." मग म्हणाला, "राहू दे. मी धरतो."

आणि त्याने धरला. दोन्ही हातांनी दाबून, भिंतीला खांदा लावून, लोकांच्या बुटांच्या खाली. दिवा लागून राहिला. मी इलानाला हात केला.

त्यांनी संथ चीज घेतली. बिगूल अगदी हळू सुरू झाले, मग वर चढले, आणि नेमक्या जागी त्यांच्या खालून मॅरेनचा सूर आला. खोल, लांब, एकच. जमीन त्या आवाजाने भरली. आधी जे सुंदर होतं त्याच्यात काय कमी होतं ते मला तेव्हा कळलं. बिगूल आतापर्यंत अधांतरी होते, आता त्यांना पायाखाली काहीतरी मिळालं. मी आनंदाने रडले, सांगायला लाज वाटत नाही.

आमच्या एल्रॉयला यातलं काही दिसलं नाही. त्याच्या डोक्यावर तीनशे माणसं होती आणि समोर भिंत. चीज संपली, पायऱ्या गडगडल्या, सगळे उभे राहिले, तरी तो हलला नाही.

पथक सुटलं तशी मॅरेन आली. गणवेशात जमिनीवर बसायचं नसतं, पण ती बसली, आणि पट्ट्यांच्या आत डोकं घातलं.

"आजोबा, सोडा आता. झालं."

"तुझा सूर कुठे आला ते कळलं मला," तो म्हणाला. "हाताला कळलं. भिंतीतून." "चार वर्षं तू हे वाजवतेस."

"हो."

"आणि मी तिथे बाहेर बसून..." मॅरेनने त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला.

"अजून किती आहेत?" त्याने विचारलं.

"कार्यक्रम? अजून तीन आठवडे आहेत, आजोबा. इंडियानापोलिसला शेवट."

"गावं सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. ड्युबुक. सीडर रॅपिड्स. ओमाहा. ती एकेक नाव घेत गेली, आणि तो प्लग न सोडता तिच्यामागून ते म्हणत गेला, पाठ होईपर्यंत.