नवमीचं ताट

कडूबाचं पुंडलिकनगरात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि त्या धंद्यातल्या माणसांना असते ती खोड त्यालाही होती. दोन गिऱ्हाइकांना एकच वार द्यायचा. "शुक्रवारी घेऊन जा," असं एकाला सांगायचं, तेच दुसऱ्यालाही सांगायचं, आणि शुक्रवारी दोघंही पायरीवर येऊन उभे राहिले की चहा मागवायचा. मोटारींच्या बाबतीत ते निभावून जायचं. यंदा त्यानं हेच घरात करून ठेवलं.

त्याची बायको सुलेखा डेंगूनं गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. ती गेली तेव्हा त्यांची मुलगी संस्कृती चार महिन्यांची होती. वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ पितृपक्ष लागला. नवऱ्याच्या आधी, अहेव गेलेल्या बाईच्या नावानं पितृपक्षातल्या नवमीला एक सवाशीण जेवू घालायची, अशी त्यांच्यातली रीत. त्या दिवसापुरती ती सवाशीण म्हणजे गेलेली बाईच. तिचे पाय धुवायचे, तिला नवी साडी द्यायची, तिचं जेवण झाल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही.

राखीपौर्णिमेला थोरली बहीण बानाबाई छावणी भागातल्या सासरहून आली. सुलेखा गेल्यावर पहिले तीन महिने ही बाई रोज सकाळी सिटी बस धरून गारखेड्याला त्याच्या घरी यायची. पोरीला तेल लावून न्हाऊ घालायची, ओव्याची धुरी द्यायची, झोपवायची आणि उलट्या बसनं परत जायची. नवऱ्याचा डबा ती पहाटे उठून करून ठेवायची. एक दिवस खाडा केला नाही. राखी बांधताना ते सगळं कडूबाच्या डोळ्यांपुढं आलं आणि तो म्हणाला, "आक्का, नवमीला ताटावर तूच बस."

"बसते," बानाबाई डोळे पुसत म्हणाली. "गवार लई शिजवू नका म्हणजे झालं."

पुढं आठ-दहा दिवसांनी धाकट्या भावाची बायको प्रेरणा जिन्यात बसून दोन्ही लेकरांना वरणभात भरवत होती. सोमनाथ आणि ती वरच्या खोलीत राहायचे. सुलेखा गेली तेव्हा प्रेरणाचा विश्वजीत सात महिन्यांचा होता. तिनं एका मांडीवर विश्वजीत घेतला, एका मांडीवर संस्कृती घेतली आणि दोघांना अंगावर पाजलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. जिन्यात तिला बघून कडूबाच्या तोंडातून निघून गेलं, "प्रेरणा, नवमीला ताटावर तू बस."

"बरं दादा," प्रेरणा म्हणाली. तिचा चेहरा उजळला.

दोघींना आपण एकच वार दिला आहे हे कडूबाच्या ध्यानात आलं ते अष्टमीला, गुलमंडीवरच्या साडीच्या दुकानात गादीवर बसल्यावर. आता कुणाला तरी नाही म्हणावं लागणार होतं. त्याचं घर या बायकांवर उभं होतं. त्यांतली एक जरी दुखावली, तरी सुलेखाच्या नावाचं जेवण गोड लागणार नव्हतं. तो त्याच विचारात असताना दुकानदारानं विचारलं, "सहावारी दाखवू का नऊवारी?"

"नऊवारी," कडूबा म्हणाला.

विटकरी रंगाचं, बारीक काठाचं लुगडं त्यानं पसंत केलं. पिशवी गाडीला अडकवून तो निघाला आणि सिग्नलला थांबल्यावर त्याला कळलं, की बानाबाई नऊवारी नेसत नाही आणि प्रेरणा तर नाहीच नाही. घरात नऊवारी नेसणारी एकच बाई होती, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ती म्हणजे त्याची चुलती, भागूबाई. बानाबाईनंतरची आणि कडूबाच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्याला तरी नजर लागू नये म्हणून 'कडूबा' हे नाव ठेवलं ते तिनंच. सुलेखाच्या दहाव्याला ती गावाकडून एका पिशवीनिशी आली आणि राहिली. पोरगी तिच्याच कुशीत झोपायची. चुलता जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात काही शुभ असलं की ती आपण होऊन बाजूला व्हायची. संस्कृतीच्या पहिल्या वाढदिवसाला ऐन औक्षणाच्या वेळी ती दळण घेऊन गिरणीत गेली होती. डब्यात पीठ भरपूर होतं.

कडूबानं गाडी कडेला घेतली. परत जाऊन लुगडं बदलून आणता आलं असतं. पण त्याला एक दुपार आठवली.

सुलेखाला जाऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. प्रेरणा दुपारी शिवणकामाला जायची, आणि तेवढ्या वेळात पोरगी बाटलीला तोंड लावायची नाही. रडून रडून निळी पडायची. एक दिवस कडूबा जेवायला घरी आला, तर रडणं ऐकू येईना. त्यानं खिडकीतून पाहिलं. आत सुलेखा बसली होती. तिची नेहमीची हिरवी साडी, डोक्यावरून पदर, पाठ खिडकीकडं, मांडीवर पोर. मग त्या बाईनं मान वळवली. ती भागूबाई होती. दाराच्या मागं सुलेखाची अंगावरची साडी तशीच, न धुतलेली लटकत होती. ती तिनं आपल्या लुगड्यावरून गुंडाळली होती. पोरीनं त्या पदरात नाक खुपसलं होतं आणि ती चुटूचुटू बाटली पीत होती.

भागूबाई शरमली. "कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "पांढऱ्या कपाळाची बाई अहेवाची साडी नेसली म्हणतील. पण लेकराला वास पायजे होता रे."

कडूबानं शब्द दिला. पुढं दीड महिना रोज दुपारी दार लावून हे चाललं. हळूहळू साडीचा वास गेला, पण तोवर पोरीला भागूबाईचा वास ओळखीचा झाला होता.

कडूबानं गाडी चालू केली आणि लुगडं घेऊन घरी आला.

नवमीला नेमका नळ आला. सोमनाथ पिंप भरत होता आणि कडूबा पाइप धरून उभा होता. स्वयंपाकघरात भागूबाईचं पोळ्या लाटणं चाललं होतं आणि येसराच्या आमटीचा वास फाटकापर्यंत येत होता. अकराच्या सुमाराला बानाबाई रिक्षातून उतरली. हिरवी साडी, हातभर बांगड्या. त्याच वेळी प्रेरणा जिन्यातून खाली आली. तीही हिरव्या साडीत.

"प्रेरणे, आज लई नटलीस?" बानाबाई म्हणाली.

"ताटावर बसायचंय ना, आक्का."

"कुणी?"

"मी. दादांनी सांगितलंय."

बानाबाईनं भावाकडं पाहिलं. "कडू, त्यो पाइप ठेव आन् इकडं ये. म्या सकाळपासून चहा बी घेतला नाय. ही बी उपाशी दिसती. काय केलंस तू?"

"दोघींना सांगितलं गेलं, आक्का."

"सांगितलं गेलं? कुणाच्या तोंडानं?"

सोमनाथला हसू आवरेना. "आक्का, दादानं दुकानासारखं केलं. मोटार एक आन् गिऱ्हाइकं दोन."

"तू गप. पिंप भर."

"आक्का, तुम्हीच बसा," प्रेरणा म्हणाली. म्हणाली खरी, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी पुढच्या वर्षी बसेन."

"कामून? तुला शब्द दिलाय त्यानं. तूच बस. म्हाताऱ्या नणंदेचं काय, छावणीचा रस्ता मला पाठ हाय."

"दोन ताटं मांडा की," सोमनाथ म्हणाला.

बानाबाई गर्रकन वळली. "दोन? घरातून अहेव गेली एक. दुसरं ताट कुणाच्या नावाचं मांडतोस, तुझ्या बायकोच्या?"

सोमनाथचं हसू गेलं. तो पिंपाकडं वळला.

"आगं, असं अभद्र बोलू नये," आतून भागूबाईचा आवाज आला. "कुणीबी बसा, पण लवकर बसा. पोळ्या गार व्हायल्यात."

"बघू तरी साडी कुणाच्या जोगती आणलीय यानं," म्हणत बानाबाईनं पाटाशेजारची पिशवी उघडली. लुगड्याची घडी सुटली ती सुटतच गेली. "नऊवारी? आन् असल्या रंगाची? आमच्यात कोण नेसतंय हे?"

आतली लाटण्याची खटखट थांबली.

"काकूला आणलंय," कडूबा म्हणाला. "ताटावर काकू बसणार हाय."

भागूबाई लाटणं हातात घेऊनच दारात आली. "येडा झालास का? मी बसू अहेवाच्या ताटावर? लोक तोंडात शेण घालतील. मपलं काय ते आत वाढ, मी चुलीपाशी खाते."

"गॅस हाय, काकू. चूल नाय आपल्याकडं."

"तेच ते."

बानाबाई भावाजवळ आली. आता ती रागात नव्हती. "हे बघ कडू, काकूनं लई केलं. ते म्या नाय म्हणत नाय. पण आजच्या दिवशी सुलेखाच्या जागी सवाशीणच बसती. आपल्या घरात असंच चालत आलंय."

"सुलेखाच्या जागी ती आधीच बसलीय," कडूबा म्हणाला. त्यानं भागूबाईकडं पाहिलं. "काकू, म्या तुला शब्द दिला होता. आज मोडतो."

"कडूबा, नको."

पण त्यानं सांगितलं. हिरवी साडी, लावलेलं दार, बाटली, सगळं चार-पाच वाक्यांत सांगितलं. त्याला फुलवून सांगता येत नव्हतं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आक्का, पोरीचे हातपाय तू चोळून घडवलेस. प्रेरणानं तिला अंगावर पाजलं. तुम्ही दोघी नसत्या तर पोर वाचली नसती, हे म्या कुणापुढंबी सांगीन. तुम्हाला दोघींना शब्द दिला तो मनापासून दिला. पण आज सुलेखानं विचारलं, माझी साडी नेसून माझ्या लेकराला कुणी पाजलं, तर म्या कुणाला पुढं करू?"

भागूबाईनं तोंडाला पदर लावला होता. कपाळावर हात मारून घेतील या दोघी, असंच तिला वाटत असावं.

आधी प्रेरणा बोलली. "तरीच. मी कामावरून यायचे तेव्हा पोर पोटभर असायची. मला वाटायचं, लागली असंल बाटलीची सवय आपोआप."

"त्या साडीवर दुधाचे डाग बघितले होते म्या," बानाबाई हळू म्हणाली. "वाटलं, सुलेखाच्या वेळचे असतील." मग तिनं पदर खोचला आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "काकू, ते लाटणं ठेव. पाटावर बस. गुडघे दुखतात म्हणून खुर्ची मागू नको, खुर्चीवर सवाशीण बसत नसती. प्रेरणे, तांब्या आण."

"आगं पण लोक..."

"लोक छावणीला माझ्याकडं पाठव. म्या बघते."

कडूबानं पाणी ओतलं. बानाबाईनं भागूबाईचे पाय धुतले आणि प्रेरणानं पुसले. टाचांच्या भेगांत पीठ बसलं होतं, ते तिनं अंगठ्यानं काढलं. हळद लावून झाल्यावर बानाबाईचं बोट कुंकवाच्या करंड्यापाशी थांबलं. तिनं भावाकडं पाहिलं.

"तिला विचार," कडूबा म्हणाला.

"कुंकू नको," भागूबाई म्हणाली. आवाज आता स्थिर होता. "ते त्यांच्यासंगं गेलं. त्याचं मला काय वाटत नाय. लुगडं दे, ते घेते."

तिनं लुगडं मांडीवर घेतलं, काठ चिमटीत धरून बघितला. "सूत चांगलं हाय," ती म्हणाली. तेवढ्यात संस्कृती डुलत डुलत आली आणि लुगड्यावरच जाऊन बसली. नव्या कापडाचा वास घेऊन तिनं तोंड वाकडं केलं आणि भागूबाईच्या जुन्या पदरात डोकं घातलं.

कडूबानं वरच्या गच्चीवर कावळ्याचा घास ठेवला आणि खाली येऊन स्वतः वाढलं. सुलेखाला पुरणपोळीबरोबर दूध लागायचं, गुळवणी नाही. त्यानं वाटीत दूध वाढलं. वाढताना हात थांबला, पण त्यानं वाटी नीट ठेवली. भागूबाईनं पहिला घास मोडला, आणि तो हातात घेऊन ती बसून राहिली.

"काय झालं, काकू?"

"एवढं मला एकटीला जातंय का? आन् या दोघी सकाळपासून उपाशी. बाना, ये इकडं. प्रेरणा, तू बी ये."

"एका ताटात?" प्रेरणानं बानाबाईकडं पाहिलं.

बानाबाईनं क्षणभर विचार केला. "दुसरं ताट मांडायचं नसतं. मांडलंय का कुणी? नाय ना. मग सरक तिकडं."

तिघी एका ताटाभोवती बसल्या. भागूबाईनं पहिला घास बानाबाईला दिला, दुसरा प्रेरणाला, आणि दुधात बुडवलेला मऊ तुकडा पोरीला. बानाबाईनं गवारीची भाजी चाखली. "शिजवलीच शेवटी लई," ती म्हणाली, आणि आणखी वाढायला सांगितलं.

कडूबाचा फोन वाजला. पंपाची मोटार आजच द्यायची होती, गिऱ्हाईक दुकानासमोर उभं होतं.

"आज नाय जमायचं, भाऊ," कडूबा पोळीवर तूप सोडत म्हणाला. "उद्या सकाळी नक्की. आज घरी सवाशिणी जेवायला बसल्यात. एक नाय, तीन हायेत."