तिसरी होडी पोचेपर्यंत

ताईचा धंदा गाडी शिकवण्याचा. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसायचं, पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा आणि आवाज चढू द्यायचा नाही. पण सख्ख्या बहिणीपुढे हा सगळा संयम पार धुळीला मिळे.

"पुन्हा सांगते," नदीकाठी हेल्मेटचा पट्टा आवळत ती म्हणाली. "सांघिक शर्यत आहे. पहिली होडी सुटली की घड्याळ चालू, तिसरी पोचली की बंद. तू एकटी वाऱ्यासारखी गेलीस तरी वेळ शेवटच्या होडीचीच धरणार."

"माहितीये गं!" भिंगरी म्हणाली. धाकटीला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत.

"माहीत असून गेल्या वर्षी काठावर केस पुसत बसली होतीस, आम्ही अजून अर्ध्यात! एक पोचली की पंधरा सेकंदांत बाकीच्या दोघी पोचायला हव्यात. नाहीतर वर पन्नास सेकंदांचा दंड. वन्सं, तुम्ही तरी सांगा हिला."

वन्सं म्हणजे ताईची नणंद. त्यांचं चष्म्याचं दुकान. खवळलेल्या पाण्याला मनातून टरकायच्या, पण यंदा तिसरी कुणी मिळेना म्हणून भावजयीच्या भिडेखातर आल्या होत्या.

"मी सरळ राहिले तरी जिंकले," त्या म्हणाल्या.

शिट्टी झाली आणि भिंगरी सुसाट सुटली. मागे वन्सं, त्यांच्यामागे ताई. पाण्यावर ताणलेल्या तारांवरून दांड्यांच्या जोड्या लोंबत होत्या. हिरव्या जोडीतून प्रवाहाबरोबर जायचं, लाल जोडीतून प्रवाहाच्या उलट वर चढायचं, आणि दांडीला धक्का लागला की दंड. दुसऱ्या लाल जोडीपाशी वन्संची होडी गरकन फिरली आणि पालथी झाली. एवढ्यात वल्ह्याचा हिसका देऊन वन्सं होडीसकट वर आल्या, खोकत, शिंकत, पण सरळ.

"चला वन्सं, चला!" ताई ओरडली. भिंगरीचा पुढे मागमूस नव्हता. "गेली बया! पुन्हा गेली!"

शेवटचं वळण आलं, आणि अंतिम रेषेच्या जरा अलीकडे, मोठ्या खडकामागच्या संथ पाण्यात, भिंगरी ऐटीत थांबलेली दिसली. वल्हं हलवून दोघींना पुढे जायची खूण करत होती.

"चल!" ताई किंचाळली. "आमच्याबरोबर चल!"

वन्संना थांबणं शक्यच नव्हतं. त्या तशाच रेषेपार गेल्या, पाठोपाठ ताई. मग भिंगरीने घाईत होडी बाहेर काढली, पण टोक तिरकं पडलं आणि धारेने तिला उचलून परत खडकामागे टाकलं. दुसऱ्यांदाही तेच.

"अगं, तोंड धारेच्या उलट कर होडीचं! उलट!" पलीकडून ताई घसा फोडत होती. भिंगरी आली तोवर पंचांनी दंडाची खूण केली होती.

दंड नसता तर दुसऱ्या आल्या असत्या. आल्या शेवटच्या.

"थांबायला कुणी सांगितलं होतं तुला?" काठावर होडी आपटत ताई म्हणाली.

"तूच!"

"तिथे? खडकामागे?"

"मला वाटलं, तुम्हाला आधी जाऊ द्यावं. सगळ्यांत शेवटी मी. म्हणजे तू काही बोलणार नाहीस." आणि भिंगरीचा चेहरा एकदम रडवेला झाला.

जन्मात कुणासाठी न थांबलेली ही पोरगी, थांबली तीही नको तिथे! रागावणार तरी किती आणि कशावर? ताईने टॉवेल उचलला आणि बहिणीचं डोकं असं खसाखसा पुसलं की ती कळवळली.

"हळू गं!"

"गप्प बस. सर्दी होईल."

तिकडे वन्सं पंचांना, पाणी देणाऱ्याला, ओळख ना पाळख अशा बाईलासुद्धा आपण पालथ्या होऊन कशा वर आलो ते हातवारे करून सांगत होत्या. तिघींत खूश त्या एकट्याच होत्या.

"वहिनी, पुढच्या वर्षीही मीच हं!" त्यांनी लांबून हाक दिली.

"देवा रे!" ताई पुटपुटली आणि होड्या गाडीच्या टपावर चढवायला वळली. दुसरं टोक भिंगरीने धरलं, न सांगता.